बदलत्या बाजारात मोबाइल आणि टॅबलेट निवडताना

मोबाइलच्या धंद्यात वस्तू झिजण्याआधी तिच्याभोवतीचे जग बदलते. 2007 साली जगात विकल्या जाणाऱ्या दर दहा हँडसेटपैकी जवळपास चार नोकियाचे असत. एप्रिल 2014 मध्ये नोकियाचा हँडसेटचा व्यवसाय मायक्रोसॉफ्टकडे गेला आणि पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टला त्या सौद्यापोटी सुमारे 760 कोटी डॉलर तोट्याच्या खाती टाकावे लागले. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला 2006 मध्ये सुरू झालेला नोकियाचा कारखाना नोव्हेंबर 2014 मध्ये बंद पडला. त्या काळात ज्यांनी विंडोज फोन प्रणालीवरचे नोकियाचे ल्युमिया फोन घेतले, त्यांच्या हातातला फोन धडधाकटच होता. पण ॲप बनवणाऱ्यांनी विंडोज फोनकडे पाठ फिरवली, 2019 च्या अखेरीस व्हॉट्सॲपही त्यावर बंद झाले आणि चांगला फोन कपाटात गेला. ब्लॅकबेरीच्या जुन्या फोनांच्या सेवा कंपनीने 4 जानेवारी 2022 रोजी थांबवल्या. एलजीने एप्रिल 2021 मध्ये मोबाइलचा व्यवसाय गुंडाळत असल्याचे जाहीर केले.

ही उलथापालथ ग्राहकाच्या खिशाशी थेट जोडलेली आहे. दुकानात चर्चा होते ती मेगापिक्सेलची आणि बँक-ऑफरची. फोनचा खरा खर्च मात्र तो किती वर्षे कामाचा राहतो यावर ठरतो. अठरा हजारांचा फोन सहा वर्षे चालला, तर वर्षाला तीन हजार पडतात. बारा हजारांचा फोन अडीच वर्षांत निरुपयोगी झाला, तर वर्षाला जवळपास पाच हजार. म्हणून फोन निवडताना चार आयुष्ये तपासावीत: सॉफ्टवेअरचे, नेटवर्कचे, बॅटरी आणि सुट्या भागांचे, आणि त्या नावामागच्या कंपनीचे. यांतले सर्वांत आखूड आयुष्य जेवढे, तेवढेच फोनचे.

नेटवर्क बदलले की काय होते, हे भारतीय बाजाराने अगदी जवळून पाहिले आहे. 2014 च्या शेवटच्या तिमाहीत मायक्रोमॅक्सने भारतात सॅमसंगला मागे टाकल्याचे कॅनालिस या बाजार-संशोधन संस्थेने जाहीर केले होते. कार्बन, लावा, इंटेक्स हीही नावे तेव्हा गल्लोगल्लीच्या दुकानांवर झळकत होती. तीन वर्षांनंतर, 2017 च्या शेवटच्या तिमाहीत, पहिला क्रमांक शाओमीचा होता. जुलै 2014 मध्ये भारतात आलेल्या या कंपनीने आपला पहिला फोन, एमआय 3, केवळ फ्लिपकार्टवरून 13,999 रुपयांना विकायला काढला होता. दुकानदाराचे कमिशन आणि जाहिरातीचा खर्च वाचवून तोच पैसा चिप आणि स्क्रीनमध्ये घालायचा, हे तिचे गणित होते. त्यातच 5 सप्टेंबर 2016 रोजी जिओची सेवा सुरू झाली. जिओकडे 2जी-3जी नव्हतेच, त्यामुळे साधा फोन लावायलासुद्धा व्होल्टी, म्हणजे 4जी वरून आवाज नेण्याची सोय, लागत असे. भारतीय कंपन्यांच्या गोदामांत 3जी फोन पडून होते आणि चिनी कंपन्या 4जी घेऊन तयार होत्या. ज्या घरांनी 2016 च्या पूर्वार्धात स्वस्त म्हणून 3जी फोन घेतले, त्यांतल्या अनेकांना वर्षभरात पुन्हा दुकानाची पायरी चढावी लागली.

आजचा तसाच प्रश्न 5जी चा आहे. भारतात ही सेवा 1 ऑक्टोबर 2022 पासून सुरू झाली, पण सगळ्या कंपन्यांचे 5जी एकसारखे उभे राहिले नाही. जिओने सुरुवातीपासून स्वतंत्र 5जी जाळे उभारले, तर एअरटेलने आधी 4जी च्या आधारावर 5जी चालवले. पहिल्या प्रकाराला स्टँडअलोन आणि दुसऱ्याला नॉन-स्टँडअलोन म्हणतात. फोनला दोन्ही यायला हवेत. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या माहितीत नेटवर्क बँडची यादी असते. तिथे एन78 तर हवाच, शिवाय 700 मेगाहर्ट्झचा एन28 आहे का तेही पाहावे. हा कमी वारंवारतेचा पट्टा भिंतीआड आणि लांबवर चांगला पोचतो. गावाकडे किंवा जुन्या जाड भिंतींच्या इमारतीत राहणाऱ्याला त्याचा फरक जाणवतो.

परदेशातल्या नातेवाइकांकडून फोन मागवण्याची पद्धत मराठी घरांत जुनी आहे. तिथेही हीच यादी आधी पाहावी. चीनच्या बाजारासाठी बनलेल्या फोनमध्ये गूगलच्या सेवा नेहमीच्या रूपात नसतात आणि काही भारतीय बँडही नसू शकतात. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनांना 14 पासून सिमची खाचच नाही, सगळे ई-सिमवर चालते. भारतातल्या मोठ्या कंपन्या ई-सिम देतात, पण एका फोनमधले कार्ड काढून पटकन दुसऱ्यात घालण्याची ज्यांना सवय आहे, त्यांची अडचण होते. शिवाय अनेक अँड्रॉइड कंपन्यांची वॉरंटी खरेदीच्या देशापुरतीच असते, ते वाचलेले पैसे मोजताना लक्षात घ्यावे.

सॉफ्टवेअरचे आयुष्य हा या साऱ्यातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. अपडेट दोन प्रकारचे असतात. एक अँड्रॉइडची नवी आवृत्ती आणि दुसरा सुरक्षेचा अपडेट, ज्यात सापडलेली छिद्रे बुजवली जातात. नवी आवृत्ती नाही आली तरी चालून जाते. सुरक्षेचा अपडेट थांबला, तर ज्या फोनवरून यूपीआय आणि बँकेचे व्यवहार होतात तो उघड्यावर पडतो. अँड्रॉइडमध्ये हे काम रेंगाळण्याचे कारण त्याच्या रचनेतच होते. गूगलने बदल केला की चिप बनवणारी कंपनी तो आपल्या चिपसाठी जुळवते, मग फोनची कंपनी त्यावर आपला साज चढवते, तपासते आणि मग पाठवते. साखळीतला एक दुवा जरी थकला तरी फोन मागे पडतो. 2017 मध्ये अँड्रॉइड 8 बरोबर गूगलने प्रणालीचा मुख्य भाग आणि चिपशी बांधलेला भाग वेगळे केले. तेव्हापासून हे काम सोपे होत गेले.

खरा बदल स्पर्धेने घडवला. ॲपल आपले फोन वर्षानुवर्षे सांभाळते हे ग्राहकांना दिसत होते: 2013 च्या आयफोन 5एसला जानेवारी 2023 मध्येही सुरक्षेचा अपडेट मिळाला. ऑक्टोबर 2023 मध्ये गूगलने पिक्सेल 8 साठी सात वर्षांचे आश्वासन दिले, आणि जानेवारी 2024 मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस24 साठी तेवढेच जाहीर केले. ही शर्यत मग खालच्या किमतीत उतरली. 2024 च्या ऑक्टोबरात भारतात आलेल्या गॅलेक्सी ए16 5जी या मध्यम-स्वस्त फोनलाही सहा वर्षांचे आश्वासन मिळाले. काही वर्षांपूर्वी या किमतीत दोन वर्षांची हमी मिळाली तरी ग्राहक खूश असे. युरोपीय संघात 20 जून 2025 पासून नियमच आला आहे, की मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षे अपडेट मिळत राहिले पाहिजेत. भारतात असे बंधन नाही. तेच मॉडेल तिकडे विकले जाते म्हणून इथेही तोच कालावधी मिळेल, असे धरून चालू नये. भारतासाठी कंपनीने स्वतः लिहून दिलेले पाहावे.

हे आश्वासन वाचताना एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. वर्षे मोजली जातात ती फोन बाजारात आल्यापासून, ग्राहकाने विकत घेतल्यापासून नव्हे. चार वर्षांचे आश्वासन असलेला आणि दोन वर्षांपूर्वी आलेला फोन दिवाळीच्या सेलमध्ये निम्म्या किमतीत मिळाला, तरी त्याची दोनच वर्षे उरलेली असतात. म्हणून सेलमधला फोन हाती घेताच आधी तो कधी बाजारात आला ते शोधावे. खोक्यावरच्या लेबलवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेले असते, पण त्यावर विसंबू नये, कारण जुने मॉडेलही नव्याने बनत राहते. दुकानात ठेवलेल्या नमुना-फोनवर सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ उघडून अँड्रॉइडची आवृत्ती आणि सिक्युरिटी अपडेटची तारीख वाचावी. मात्र नमुना-फोन अनेकदा इंटरनेटशी जोडलेला नसतो आणि महिनोन् महिने अपडेटही झालेला नसतो. त्यामुळे त्याच मॉडेलचा फोन कुणा ओळखीच्या माणसाकडे असेल, तर त्यावरची तारीख पाहणे अधिक चांगले. ती तीन महिन्यांच्या आतली असेल, तर कंपनी शब्द पाळत आहे. वर्षभर मागे असेल, तर जाहिरातीतले आश्वासन काहीही असो, तो फोन घेऊ नये.

फोनच्या नावांच्या गर्दीत हरवायला होते, पण घराणी थोडी आहेत. रेडमी आणि पोको शाओमीचे, आयकू विवोचा, वनप्लस आणि रियलमी ओप्पोशी नाते असलेले. टेक्नो, इन्फिनिक्स आणि आयटेल ही तिन्ही ट्रान्शन या एकाच चिनी कंपनीची नावे. मोटोरोला 2014 पासून लेनोव्होकडे आहे. हे माहीत असले की दोन फायदे होतात. एकाच घराण्यातल्या दोन नावांखाली जवळजवळ सारखाच फोन वेगळ्या किमतीत विकला जातो, तो ओळखता येतो. आणि सर्व्हिस सेंटर कोणाच्या आधाराने चालते, तेही कळते. भारतात जुळणी होते म्हणून फोन स्वस्त असेल किंवा त्याचे सुटे भाग लगेच मिळतील, असे समीकरण मात्र नाही. 2020 मध्ये आलेल्या उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजनेनंतर देशात फोनची जुळणी खूप वाढली, तरी महागड्या चिप आणि बहुतेक स्क्रीन बाहेरूनच येतात. शिवाय 1 एप्रिल 2020 पासून मोबाइलवरचा जीएसटी 12 वरून 18 टक्के झाला आहे. त्यात 2025 च्या उत्तरार्धापासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपची मागणी वाढवली आणि मेमरीचे भाव चढले. थोडे थांबले की फोन स्वस्त होतोच, हा वर्षानुवर्षांचा हिशेब अशा काळात चुकू शकतो.

मेमरीबाबत एक फसवी जाहिरात हमखास दिसते. ‘12 जीबी रॅम’ असे मोठ्या अक्षरात आणि खाली बारीक अक्षरात ‘6 जीबी + 6 जीबी व्हर्च्युअल’ असे लिहिलेले असते. हा दुसरा आकडा साठवणुकीतला एक तुकडा रॅमसारखा वापरण्याचा आहे. तो खऱ्या रॅमपेक्षा कितीतरी मंद असतो, म्हणून मोजताना शून्य धरावा. चार-पाच वर्षे वापरायच्या अँड्रॉइड फोनला आज खरी 8 जीबी रॅम आणि 128 जीबी साठवण हा सुरक्षित किमान आहे. साठवण यूएफएस प्रकारची आहे की जुन्या ईएमएमसी प्रकारची, हेही विचारावे. दोन वर्षांनी फोन ‘हँग’ होतो म्हणून जी तक्रार होते, तिच्या मुळाशी अनेकदा मंद आणि भरत आलेली साठवण असते. चिपच्या नावात वर्ष आणि पायरी दोन्ही दडलेल्या असतात. स्नॅपड्रॅगन किंवा डायमेन्सिटी एवढ्यावर काही ठरत नाही, पुढचा आकडा पाहून ती चिप केव्हाची आहे ते शोधावे.

बॅटरी ही फोनमधली खात्रीने झिजणारी वस्तू. पूर्ण चार्जच्या शेकडो फेऱ्यांनंतर तिची क्षमता घटत जाते. युरोपच्या नव्या नियमानुसार 800 फेऱ्यांनंतरही ती 80 टक्के उरली पाहिजे. रोज एक फेरी धरली, तर हे साधारण सव्वादोन वर्षांचे अंतर झाले. म्हणजे पाच वर्षे फोन वापरायचा, तर मध्ये एकदा बॅटरी बदलण्याची तयारी ठेवावीच. खरेदीपूर्वी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करून दोन किमती विचाराव्यात, बॅटरीची आणि स्क्रीनची. हे पाच मिनिटांचे काम आहे आणि त्यातून जेवढे कळते तेवढे तासभर व्हिडिओ पाहून कळत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी सेंटर आहे का, की फोन कुरिअरने पुण्या-मुंबईला पाठवावा लागतो, तेही तिथेच समजते. केंद्र सरकारने 24 डिसेंबर 2022 रोजी ‘राइट टू रिपेअर’ संकेतस्थळ सुरू केले. अनेक कंपन्यांची दुरुस्ती आणि सुट्या भागांची माहिती तिथे एकत्र मिळते. वॉरंटीत टाळाटाळ झाली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. तक्रारीसाठी बिल, खोके आणि सर्व्हिस सेंटरची पावती जपून ठेवलेली असावी.

टॅबलेटचा बाजार फोनपेक्षा निष्ठुर ठरला आहे. ॲपलने 27 जानेवारी 2010 रोजी आयपॅड दाखवला आणि पाठोपाठ सगळे धावले. एचपीने 1 जुलै 2011 रोजी टचपॅड विक्रीला आणला आणि 18 ऑगस्टला तो बंद करत असल्याचे जाहीरही केले. 499 डॉलरपासून सुरू झालेला टॅब 99 डॉलरला विकून टाकण्यात आला. गूगलने 2019 मध्ये स्वतःचे टॅबलेट बनवणे थांबवले आणि 2023 मध्ये पिक्सेल टॅबलेट घेऊन ती परत आली.

भारताने याच काळात वेगळा प्रयोग केला. 5 ऑक्टोबर 2011 रोजी दिल्लीत आकाश टॅबलेटचे अनावरण झाले. सात इंची स्क्रीन, 366 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, 256 एमबी रॅम, आणि बोट जोरात दाबावे लागणारा जुन्या धाटणीचा स्पर्शपडदा. विद्यार्थ्यांच्या हाती स्वस्त संगणक द्यायचा, हा हेतू मोलाचाच होता. आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने 2012 मध्ये आलेल्या आकाश 2 मध्ये प्रोसेसर, रॅम आणि स्क्रीन तिन्ही सुधारले. तरीही ही योजना टिकली नाही. किमतीचा आकडा आधी ठरवून वस्तू त्यात कोंबली, की अभ्यासासाठी लागणारी सहजताच हरवते, हे त्यातून दिसले. आज सात-आठ हजारांत मिळणारे अनोळखी नावांचे टॅब विद्यार्थ्यांसाठी म्हणून विकले जातात, त्यांना हाच इतिहास लागू पडतो. अशा टॅबमध्ये अँड्रॉइडची आवृत्ती जुनी असते, अपडेटचा शब्दही कुणी काढत नाही आणि गूगलचे प्रमाणन असतेच असे नाही. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये, ‘अबाउट’ या भागात, प्ले प्रोटेक्ट प्रमाणन दिसते. ते नसेल तर टॅब परत करावा.

टॅबलेट घेण्यापूर्वी तो नेमका कशासाठी हवा, हे ठरवणे फोनपेक्षाही गरजेचे आहे. शाळकरी मुलासाठी असेल तर बालभारतीचे पाठ्यपुस्तक पीडीएफ रूपात उघडून पाहावे. आठ इंची स्क्रीनवर पान बसते, पण तक्त्यातली आणि नकाशातली अक्षरे वाचायला सतत बोटांनी मोठे करावे लागते. दहा-अकरा इंची स्क्रीनवर आख्खे पान एका नजरेत वाचता येते. चित्रपट-मालिकांसाठी असेल तर वाइडवाइन या कॉपी-संरक्षण प्रणालीची एल1 पातळी आहे का ते विचारावे, कारण एल3 असलेल्या टॅबवर नेटफ्लिक्ससारख्या सेवा एचडी चित्र देत नाहीत, मग स्क्रीन कितीही चांगली असो. घरात वाय-फाय असेल किंवा फोनचा हॉटस्पॉट चालत असेल, तर सिमच्या टॅबसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. लॅपटॉपऐवजी टॅब घ्यायचा विचार असेल, तर कीबोर्ड आणि पेनची किंमत मिळवूनच तुलना करावी. ती मिळवली की अनेकदा साधा लॅपटॉपच परवडतो आणि मोठे मराठी दस्तऐवज, एक्सेल किंवा सरकारी संकेतस्थळांवरचे अर्ज त्यावर सुखाने होतात.

टॅब फोनपेक्षा जास्त वर्षे घरात राहतो, म्हणून अपडेटचा निकष इथे अधिक कडक लावावा. 2014 च्या आयपॅड एअर 2 ला 2021 ची आयपॅडओएस 15 मिळाली होती. अँड्रॉइड टॅबमध्ये वरच्या श्रेणीत असे आश्वासन आता मिळू लागले आहे, स्वस्त श्रेणीत अजून अभावानेच. बजेट घट्ट असेल, तर नव्या अनोळखी टॅबपेक्षा नामांकित कंपनीचा नूतनीकृत, म्हणजे रिफर्बिश्ड, टॅब बरा. अट एवढीच, की विक्रेता किमान सहा महिन्यांची वॉरंटी बिलावर लिहून देत असावा.

जुना फोन घेताना एक चाचणी कधीही चुकवू नये. फोनवर *#06# दाबले की पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक दिसतो. तो खोक्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. मग इंग्रजी अक्षरांत केवायएम, एक जागा सोडून तो क्रमांक, असा संदेश 14422 वर पाठवावा किंवा दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर तो तपासावा. उत्तरात फोन काळ्या यादीत, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात असल्याचे आले, तर विक्रेता कितीही ओळखीचा असला तरी व्यवहार थांबवावा. त्यानंतर फोन त्याच्यासमोर रीसेट करून पुन्हा सुरू करावा. तो आधीच्या मालकाचे गूगल खाते किंवा ॲपल आयडी मागत असेल, तर पैसे देऊ नयेत, कारण त्या माणसाच्या पासवर्डशिवाय तो फोन उघडणार नाही.

स्वतःचा फोन एक्स्चेंजमध्ये देताना हेच उलट्या बाजूने करावे लागते. आधी फोटो आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप घ्यावा, यूपीआय ॲपमधून बाहेर पडावे, सेटिंग्जमधून गूगल खाते काढावे किंवा आयफोनवर ‘फाइंड माय’ बंद करावे, आणि त्यानंतरच फॅक्टरी रीसेट करावे. थेट रीसेट केले तर खात्याचे कुलूप फोनवर तसेच राहू शकते आणि मग एक्स्चेंजवाला किंमत पाडतो किंवा फोन नाकारतो. बॅटरी फुगलेला फोन ड्रॉवरमध्ये ठेवू नये आणि भंगारवाल्यालाही देऊ नये. ई-कचरा नियम 2022 नुसार वापरलेल्या उपकरणांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि कंपनीच्या संकेतस्थळावर जवळच्या संकलन केंद्राचा पत्ता मिळतो.